बैठक एकीकडे, लक्ष दुसरीकडे

जिल्ह्याच्या कोणत्याही कचेरीतील आढावा बैठकीचे दृश्य आता ठराविक होऊन गेले आहे. मेजाभोवती वीस-पंचवीस माणसे बसलेली असतात. प्रत्येकापुढे कागदांचे एक पुडके असते आणि त्यावर उपडा ठेवलेला मोबाइल. अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांपुढे असे दोन मोबाइल असतात आणि ते उपडे नसतात. एखादा कनिष्ठ अधिकारी आपल्या तालुक्याची आकडेवारी वाचू लागतो. तिसऱ्या-चौथ्या आकड्यापाशी साहेबांच्या मोबाइलचा पडदा उजळतो. ते ‘चालू द्या’ अशी हाताने खूण करतात आणि संदेश वाचू लागतात. वाचणाऱ्याने कोणासाठी वाचायचे हे त्याला कळत नाही. तोवर मेजाभोवतीच्या निम्म्या माना मेजाखाली वळलेल्या असतात. दोन तासांनी चहा होतो, बैठक संपते आणि इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असे वाक्य नोंदले जाते. ते वाक्य खरे नाही हे लिहिणाऱ्या लिपिकाला ठाऊक असते आणि त्याखाली सही करणाऱ्यालाही.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर त्यावर दोन विनोद करून तो सोडून देता आला असता. परंतु बैठक ही कारभाराची एक पायरी आहे. गळक्या शाळेची दुरुस्ती, निवृत्त शिक्षकाचे अडकलेले निवृत्तिवेतन, टंचाईच्या गावाला लागणारा टँकर, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती या गोष्टींचे निर्णय अशाच मेजाभोवती होतात. तेथे अर्ध्या लक्षाने घेतलेल्या निर्णयाची किंमत त्या मेजाभोवती नसलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून बैठकीच्या दालनात खाजगी मोबाइल असावा की नसावा, आणि नसावा असे ठरल्यास तो प्रथम कोणी बाहेर ठेवावा, याचा विचार गांभीर्याने करणे प्राप्त आहे.

मंत्र्यांपासून कारकुनापर्यंत

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलत होते आणि दिल्लीत तत्कालीन केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम ऐकत होते. त्या काळी हे यंत्र बाळगणे हे पदाचे किंवा पैशाचे लक्षण होते. आलेला फोन घेण्यासाठीही पैसे मोजावे लागत. ती रीत २००३ मध्ये बंद झाली. त्यानंतर मोबाइल झपाट्याने स्वस्त झाला आणि साहेबांच्या खिशातून कारकुनाच्या व शिपायाच्या खिशात आला. ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. तथापि यंत्र सर्वांच्या हाती आले तरी ते कोठे व केव्हा वापरावे याचे संकेत मात्र तयार झाले नाहीत. बोलण्याचे साधन म्हणून आलेली वस्तू पाहता पाहता टपालपेटी, वर्तमानपत्र, छायाचित्रयंत्र, ध्वनिमुद्रक आणि पेढी बनली. बैठकीत मोबाइल घेऊन बसणारा माणूस या सगळ्याच वस्तू घेऊन बसलेला असतो.

याचे परिणाम राज्यकर्त्यांनी आधी भोगले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्नाटक विधानसभेचे कामकाज चालू असताना मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिल्याच्या प्रकरणात तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या बैठकीत मोबाइल आणू नयेत असे मंत्र्यांना कळविण्यात आले. त्याच महिन्यात, ब्रिटनच्या मंत्रिमंडळ बैठकीत मनगटावरचे ‘हुशार’ घड्याळही चालणार नाही, असे वृत्त प्रसिद्ध झाले. परकीय हेर त्यातून कान लावून बसतील अशी भीती होती. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात, म्हणजे जेथे अध्यक्षांचे कार्यालय आहे तेथे, खाजगी मोबाइल आणण्यास मनाई झाली. जून २०१९ मध्ये उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीपुरती अशीच बंदी घातली.

या बंद्यांमागे बहुतेक ठिकाणी गुप्ततेची काळजी होती. उत्तर प्रदेशात मात्र मंत्र्यांचे चर्चेकडे लक्ष राहावे हाही हेतू सांगण्यात आला, आणि सामान्य कचेरीच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. पंचायत समितीच्या बैठकीवर कोणी परकीय हेर टपून बसलेला नसतो. तेथे भीती असलीच तर गुपित बाहेर जाण्याची नव्हे, लक्ष बाहेर जाण्याची आहे.

लक्षाचा हिशेब

‘ऐकता ऐकता दोन संदेश पाहिले तर बिघडले काय?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. माणूस एकाच वेळी दोन कामे करतो ही समजूत सोयीची आहे. पण विचाराची दोन कामे असतील तर तो ती एकाच वेळी करत नसतो, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत असतो. सोफी लेरॉय या अमेरिकेतील अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाच्या मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या मानाने कच्चे होते. संदेश वाचून मान वर केली की लक्षही वर आले, असे होत नाही. घरून आलेला ‘बाळाला ताप आहे’ हा निरोप किंवा वरिष्ठांचा ‘ताबडतोब कळवा’ हा हुकूम वाचल्यानंतर टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब कानावर पडला तरी मनात शिरत नाही.

याही पुढे जाऊन, मोबाइल नुसता समोर असला तरी विचारशक्तीचा काही अंश त्याच्याकडे न पाहण्यात खर्ची पडतो, असा निष्कर्ष टेक्सास विद्यापीठातील अभ्यासकांसह काही संशोधकांनी २०१७ मध्ये काढला. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत सर्वत्र तोच निकाल आला असे नाही. म्हणून तो सिद्धान्त अंतिम मानण्याचे कारण नाही. पण ज्याने वर्गात शिकवले आहे त्याला अशा प्रयोगाची वाट पाहण्याची गरज नाही. शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी खिडकीबाहेर पाहू लागला की त्याच्या शेजारचाही पाहू लागतो, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. बैठकीतही तसेच घडते. एकाचे लक्ष गेले की दुसऱ्याला ते नेण्याची मुभा मिळते, आणि बोलणाऱ्यालाही आपले बोलणे लवकर उरकावेसे वाटू लागते. त्या उरकण्यात अडचणीची गोष्ट सांगायची राहून जाते आणि बहुधा तीच सांगण्यासारखी असते.

शासनाच्या परिपत्रकातील पेच

येथवर कोणाचा मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद सुरू होतो तो उपायापाशी. कारण उपाय म्हटला की तो कनिष्ठांपासून सुरू करायचा, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी रीत आहे.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मोबाइलच्या वापराविषयी एक परिपत्रक काढले. कार्यालयीन कामासाठी शक्यतो तारेचा दूरध्वनी वापरावा, मोबाइलवर हळू आवाजात व सौजन्याने बोलावे, खाजगी फोन कक्षाबाहेर जाऊन घ्यावेत, वरिष्ठांच्या कक्षात किंवा बैठकीत मोबाइलचा आवाज बंद ठेवावा आणि तेथे संदेश तपासणे टाळावे, अशा त्यातील सूचना होत्या. त्यांत वावगे काही नव्हते. किंबहुना त्या पाच-दहा वर्षे आधीच यायला हव्या होत्या. परंतु त्याच परिपत्रकात असेही सांगितले होते की, लोकप्रतिनिधींचे व वरिष्ठांचे फोन विनाविलंब घ्यावेत आणि दौऱ्यावर असताना मोबाइल बंद ठेवू नये. या सूचनाही एकेकट्या घेतल्या तर रास्तच आहेत. पण दोन्ही एकत्र वाचणाऱ्या लिपिकाने काय करावे? बैठकीत संदेश पाहिला तर शिस्तभंग. न पाहिला आणि नेमका तो वरिष्ठांचा निघाला तर हयगय. अशा पेचात सापडलेला माणूस मोबाइल मेजावर ठेवीत नाही, मांडीवर ठेवतो. मेजाखाली वळलेल्या मानांचे मूळ पुष्कळदा येथे आहे, करमणुकीच्या आवडीत नव्हे.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कर्मचाऱ्याचा खाजगी मोबाइल आज खऱ्या अर्थाने खाजगी राहिलेलाच नाही. तो त्याने स्वतःच्या पगारातून विकत घेतलेला असतो, दरमहा त्याचे पैसे तोच भरतो. पण त्यावर अंमल चालतो कचेरीचा. पूर्वी आदेश टपालाने किंवा शिपायाहाती येत, त्यांची आवक नोंदवहीत नोंद होई आणि उत्तराला मुदत असे. आता आदेश व्हॉट्सॲपच्या गटावर येतो. दुपारी बारा वाजता ‘एक वाजेपर्यंत माहिती सादर करा’ असे फर्मान सुटते, आणि त्या वेळी मुख्याध्यापक वर्गावर असोत की बैठकीत, एक वाजता माहिती गेली नाही तर खुलासा मागितला जातो. शिक्षकाने शाळेत मोबाइल हाती धरू नये असे बजावणारे वरिष्ठच मध्यान्ह भोजनाची माहिती मोबाइलवरून मागवीत असतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर बैठकच मोबाइलमध्ये शिरली. ‘आज व्हीसी आहे’ हे वाक्य आता प्रत्येक कचेरीत ऐकू येते. एका बैठकीत बसलेला माणूस कानात बोंडे घालून दुसऱ्या बैठकीला हजर असतो आणि दोन्ही हजेरीपटांवर त्याची सही होते.

कामासाठी शासनाने यंत्र दिले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल मोठ्या संख्येने परत केले. यंत्रे निकृष्ट आहेत, सारखी बिघडतात, दुरुस्तीचा खर्च पदरी पडतो आणि पोषणाची माहिती भरण्याची प्रणाली इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या बायकांनी त्या वेळी एक साधे तत्त्व राज्यापुढे ठेवले. ज्याला काम करून हवे आहे त्याने कामाचे हत्यार धड द्यावे, हे ते तत्त्व. मोबाइलचा शिष्टाचार शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक कार्यालयप्रमुखाने ते आठवणीत ठेवण्यासारखे आहे.

आधी अध्यक्षांचा मोबाइल

याचा अर्थ बैठकीत मोबाइलला मोकळीक द्यावी असा नाही. तो दालनाबाहेरच असावा. परंतु हा नियम मेजाच्या वरच्या टोकाकडून खाली आला तरच पाळला जाईल. अध्यक्षांचे दोन मोबाइल मेजावर आणि शिक्षकांचे मोबाइल बाहेरच्या टोपलीत, अशी व्यवस्था झाली तर तिला नियम म्हणता येणार नाही. तो केवळ दर्जाचा देखावा होईल. वरिष्ठांना तातडीचे निरोप येतात हे खरे आहे. पण ज्या लिपिकाची आई रुग्णालयात आहे त्याचा निरोपही तातडीचाच असतो. दोघांसाठी एकच सोय करता येते: बैठकीच्या दालनाबाहेर एक कर्मचारी बसावा, त्याच्यापाशी कचेरीचा दूरध्वनी असावा, त्याचा क्रमांक घरी आणि वरिष्ठ कार्यालयास कळवलेला असावा, आणि खरोखरीचा तातडीचा निरोप त्याने चिठ्ठीवर लिहून आत द्यावा. मोबाइल येण्यापूर्वी कचेऱ्या अशाच चालत होत्या आणि तेव्हाही पूर येत होते, दंगली होत होत्या आणि माणसे आजारी पडत होती.

दुसरे पथ्य बैठक बोलावणाऱ्याने पाळायचे आहे. माणसे मोबाइल पाहतात याचे एक कारण असे की, समोर जे चालले आहे ते पाहण्याजोगे नसते. विषयपत्रिका आदल्या रात्री येते किंवा येतच नाही. वीस तालुक्यांचे वीस अधिकारी बसलेले असतात आणि एका वेळी एकाच तालुक्याचा आढावा चालतो. उरलेल्या एकोणीस जणांनी आपली पाळी येईपर्यंत काय करायचे? जे आकडे कागदावर आधीच आलेले आहेत तेच मोठ्याने वाचून घेण्यात दोन तास जातात. अशा बैठकीतून मोबाइल काढून घेतला तर लोक भिंतीवरचे घड्याळ पाहतील. अमेरिकेतील ॲमेझॉन या कंपनीने २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकीत पडद्यावर मुद्दे दाखवण्याची पद्धत बंद केली. त्याऐवजी विषयाचे सलग लिहिलेले सहा पानी टिपण सर्वांनी बैठकीच्या आरंभी तेथेच शांतपणे वाचायचे आणि मग बोलायचे, असा शिरस्ता घातला. त्या कंपनीच्या इतर व्यवहारांविषयी कोणाचे काहीही मत असो, या पद्धतीतले शहाणपण नाकारता येणार नाही. सर्वांच्या हाती एकच कागद असेल आणि त्यावर प्रत्येकाला काही विचारले जाणार असेल, तर लक्ष वेगळे मागावे लागत नाही. आपल्या कचेऱ्यांत टिपणी लिहिण्याची परंपरा तर जुनी आहे. ती बैठकीआधी वाचण्याची परंपरा तेवढी निर्माण व्हायची आहे.

तिसरा प्रश्न ध्वनिमुद्रणाचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. मोबाइल खिशात असला की कोणतीही बैठक कोणाच्याही नकळत मुद्रित होऊ शकते. डिसेंबर २०१७ मध्ये व्हाइट हाउसमधील ओमारोसा मॅनिगॉल्ट न्यूमन या अधिकारी बाईंना जॉन केली यांनी सेवेतून दूर केले, ते तेथील अतिगोपनीय मसलतीच्या कक्षात. त्या कक्षात असे यंत्र नेण्यास मनाई असतानाही त्यांनी ते संभाषण मुद्रित केले होते, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते दूरचित्रवाणीवरून साऱ्या जगाने ऐकले. जेथे पहारा एवढा कडक तेथे हे घडले. मग साध्या कचेरीत काय घडणार नाही? असे मुद्रण होईल या धास्तीने माणसे मोकळेपणाने बोलेनाशी होतात आणि बैठकीचा हेतूच फसतो.

मात्र या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. भर बैठकीत अपमान झालेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे किंवा तोंडी बेकायदा आदेश मिळालेल्या लिपिकाकडे दुसरा कोणता पुरावा असतो? ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ असे साहेब म्हणाले की विषय मिटतो. म्हणून नुसती मुद्रणाला बंदी घालणे म्हणजे दुबळ्याच्या हातची काठी काढून घेणे होय. ती काढून घ्यायची असेल तर तिच्या जागी विश्वासू इतिवृत्त दिले पाहिजे. कोणी काय सुचवले, कोणी विरोध केला, काय ठरले आणि ते कोणी कधीपर्यंत करायचे, हे त्यात असावे. मसुदा चार दिवसांत सर्वांकडे जावा आणि हरकत नोंदवण्यास वाव असावा. तोंडी आदेश लेखी मागण्याचा हक्क मान्य व्हावा. असे झाले तर चोरून मुद्रण करण्याची गरज पुष्कळ अंशी उरणार नाही. आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावणे म्हणजे तो उघडून पाहण्याचा परवाना नव्हे, हेही स्पष्ट असावे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने दिलेला आहे. कचेरीच्या दाराशी तो हक्क टोपलीत टाकला जात नाही.

वेळेलाही कुंपण हवे

शेवटचा मुद्दा बैठकीच्या दालनाबाहेरचा वाटला तरी तो आतल्या शिस्तीशी जोडलेला आहे. कामाच्या वेळेत मोबाइल नको असे सांगणाऱ्या कचेरीने कामाची वेळ संपल्यावर तरी त्याच मोबाइलवर हक्क सांगू नये. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून, कामाची वेळ संपल्यावर कचेरीच्या संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचे खाजगी विधेयक मांडले होते. खाजगी विधेयकाचा कायदा १९७० नंतर एकदाही झालेला नाही, हे पाहता त्याचे पुढे काय झाले हे सांगण्याची गरज नाही. पण कार्यालयप्रमुखाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रात्री दहा वाजता गटावर आदेश टाकायचा नाही, हा निश्चय तो आज करू शकतो. बैठक चालू असताना तिच्यात बसलेल्या माणसाकडून दुसरी माहिती मागवायची नाही, हाही निश्चय तो आजच करू शकतो. त्यासाठी ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

एखाद्या शाळेत शिक्षक सभा असते तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा स्वतःचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला, किल्ली शिपायाकडे दिली आणि मग इतरांकडे पाहिले, तर बहुधा काही सांगावे लागणार नाही. त्या दिवशी सभा पाऊण तासात संपेल. कदाचित एखादी नवखी शिक्षिका, जी एरवी गप्प बसते, आपल्या वर्गातील तीन मुले महिनाभर का आली नाहीत ते सांगेल. ते ऐकण्यासाठीच सभा बोलावलेली असते. जिल्हा कचेरीतील मोठ्या मेजाभोवतीही याहून वेगळे काही हवे असते असे नाही. तेथे फक्त पहिला मोबाइल कोण बंद करतो याची सारे जण वाट पाहत असतात, आणि अध्यक्षांच्या मोबाइलचा पडदा उजळतच असतो.